वाढीचे व्याज आणि वाकलेला कणा

गोदामात पोत्यांची थप्पी रचणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. तळाचे एखादे पोते जरा तिरके बसले, तर वरची चार-पाच पोती त्याला सांभाळून घेतात. परंतु थप्पी जसजशी उंच होत जाते, तसतसा तळाचा तो बोटभर तिरकेपणा वर जाऊन हातभर होतो. जाणता हमाल म्हणूनच प्रत्येक थर आडवा-उभा बसवीत जातो आणि मधूनमधून चार पावले मागे सरून थप्पी ओळंब्यात आहे की नाही, हे नजरेने जोखतो. मनुष्याच्या पाठीचा कणा ही निसर्गाने रचलेली अशीच एक थप्पी आहे. फरक एवढाच की, ही थप्पी चालते, वाकते, वळते. आणि आयुष्याच्या पहिल्या सोळा-सतरा वर्षांत तिच्यातले प्रत्येक पोते स्वतःही वाढत असते.

या वाढत्या थप्पीला बाजूला बाक येण्याच्या विकाराला वैद्यकात ‘स्कोलिओसिस’ म्हणतात. वाढत्या वयातील दर शंभर मुलामुलींपैकी साधारण दोन ते तीन जणांच्या कण्यात तो कमी-अधिक प्रमाणात आढळतो. म्हणजे शाळेच्या प्रत्येक दोन वर्गांमागे दोन-तीन मुले. इतका तो सर्वत्र असूनही घरोघरी त्याविषयी फारसे बोलले जात नाही. आणि बोलले जाते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हा उशीर इतका महाग का पडतो, हे समजण्यासाठी कण्याचे गणित थोडे उलगडून पाहावे लागते.

दोन किलोंचा खांब

कण्यात एकूण ३३ मणके असतात. मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४. शेवटचे नऊ वयपरत्वे एकमेकांत मिसळून जातात, म्हणून हालचाल करणारे मणके २४ च उरतात. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची लवचीक चकती असते. बोलीभाषेत तिला ‘गादी’ म्हणतात. बाजूने पाहिले असता मान किंचित पुढे, पाठ किंचित मागे आणि कंबर पुन्हा पुढे, असे हलके बाक दिसतात. हे बाक दोष नव्हेत. धक्के सोसण्यासाठीची ती सोय आहे. मागून पाहिले असता मात्र कणा सरळ रेषेत असावा, अशी अपेक्षा असते.

उंच व सडपातळ खांबावर वरून भार पडला की तो चिरडला जाण्याआधी बाजूला लचकतो, हे अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने सूत्रात मांडले. त्या सूत्राचा सारांश व्यवहारात महत्त्वाचा आहे: खांबाची जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर तो पेलू शकेल असा भार निम्मा होत नाही, चौथाई होतो. कण्याच्या बाबतीत हे किती खरे आहे, हे १९६१ साली अमेरिकेतील लुकस आणि ब्रेस्लर या संशोधकांनी दाखवून दिले. स्नायू काढून टाकलेला, केवळ हाडे, गाद्या आणि अस्थिबंध शिल्लक असलेला मानवी कणा त्यांनी तळाशी घट्ट धरला आणि माथ्यावर हळूहळू भार दिला. सुमारे २ किलोंच्या भारालाच तो लचकला. मनुष्याच्या डोक्याचे वजनच चार ते पाच किलो असते. म्हणजे नुसता कणा आपल्या धन्याचे डोकेसुद्धा पेलू शकत नाही. दिवसभर आपल्याला ताठ ठेवतात ते कण्याच्या चहूबाजूंनी ताणलेले स्नायू. मंडपाचा बांबू जसा चारी दिशांच्या दोरांनी उभा राहतो, तसाच हा प्रकार आहे.

मुलांच्या, विशेषतः मुलींच्या आयुष्यात अकरा ते तेरा या वयाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते. खांब लांबतो, पण त्याची जाडी आणि दोरांचे बळ मागाहून येते. स्कोलिओसिसचा सर्वाधिक आढळणारा प्रकार नेमका याच काळात डोके वर काढतो, हा केवळ योगायोग नव्हे.

बाक नव्हे, पीळ

स्कोलिओसिस म्हणजे कणा इंग्रजी ‘एस’ किंवा ‘सी’ अक्षरासारखा बाजूला वाकणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. लवचीक वेताची छडी आधी पुढच्या बाजूला किंचित वाकवावी आणि मग तशीच धरून तिला डावीकडे वा उजवीकडे दाबावी. ती हातात आपोआप पिळली जाते. पुढे-मागे बाक असलेला कणा बाजूला वाकला, की तोही असाच पिळला जातो. म्हणून स्कोलिओसिसमध्ये एकाच वेळी तीन गोष्टी घडतात: कणा बाजूला सरकतो, मणके स्वतःभोवती फिरतात आणि पाठीचा स्वाभाविक गोलवा सपाट होतो.

छातीच्या भागातील प्रत्येक मणक्याला दोन बरगड्या जोडलेल्या असतात. मणका फिरला की बरगड्याही त्याच्याबरोबर फिरतात. बाकाच्या फुगीर बाजूच्या बरगड्या मागे रेटल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या पुढे जातात. त्यामुळे पाठीवर एका बाजूला उंचवटा दिसतो, एका खांद्याचे पाते वर येते, कमरेची एक बाजू अधिक खोल भासते. येथे एक फसवणूक ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाठीच्या मध्यरेषेवर हाताला लागतात ती मणक्यांची मागची टोके होत. मणका फिरताना ही टोके बाकाच्या आतल्या बाजूस वळतात. परिणामी मागून बोट फिरवून पाहिले, तर कणा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा सरळ वाटतो. वरवरची तपासणी नेहमी थोडे दिलासादायक उत्तर देते, ते या कारणाने.

या पिळाची ओळख वैद्यकाला पटविण्यात एका भूशास्त्रज्ञाच्या शरीराचा वाटा आहे. गिडियन मँटेल हे इंग्लंडमधील डॉक्टर. इग्वानोडॉन या प्रचंड प्राण्याच्या दातांचे जीवाश्म ओळखून १८२५ साली त्यांनी त्याला नाव दिले. डायनासोरांच्या अभ्यासाच्या आरंभीच्या मानकऱ्यांत त्यांची गणना होते. १८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातानंतर त्यांचे पाठीचे दुखणे बळावले. कमरेजवळ एक कठीण गाठ हाताला लागे आणि ती गाठ म्हणजे अर्बुद असावे, असा त्या काळच्या डॉक्टरांचा तर्क होता. वेदना शमविण्यासाठी ते अफू घेत. १८५२ मध्ये अफूच्या अतिरिक्त मात्रेने त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात अर्बुद आढळलेच नाही. कण्याला तीव्र बाक व पीळ होता, आणि फिरलेल्या मणक्यांच्या बाजूच्या टोकांनी स्नायूंना बाहेर रेटल्यामुळे ती ‘गाठ’ तयार झाली होती. लंडनचे शल्यविशारद विल्यम अॅडम्स यांनी या कण्याचा अभ्यास केला. पीळ दिसावा यासाठी रुग्णाला पुढे वाकवून मागून पाहण्याची त्यांची रीत १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांतून रूढ झाली. आजही जगभर शाळांतून व दवाखान्यांतून तीच ‘अॅडम्स चाचणी’ केली जाते. तिला ना यंत्र लागते, ना पैसा.

बाकाचे मोजमाप मात्र क्ष-किरण चित्रावरच होते. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये त्याची पद्धत मांडली. बाकाच्या वरच्या व खालच्या टोकाला जे मणके सर्वांत अधिक कललेले असतात, त्यांच्या कडांवर रेषा ओढून त्यांमधील कोन मोजायचा. हा ‘कॉब कोन’ १० अंश वा अधिक असेल, तरच त्यास स्कोलिओसिस म्हणतात. दोन वेळच्या मोजणीत सुमारे ५ अंशांपर्यंतचा फरक मोजणीमुळेच पडू शकतो. म्हणून १८ चे २१ झाले की घाबरून जायचे नसते, आणि १८ चे २६ झाले तर दुर्लक्ष करायचे नसते.

चक्रवाढीचा नियम

सुमारे ८० टक्के रुग्णांत या विकाराचे नेमके कारण सापडत नाही. घराण्यात तो आढळतो, म्हणजे आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे. परंतु दप्तर एका खांद्यावर घेतले, जमिनीवर मांडी घालून अभ्यास केला, एका कुशीवर झोपले किंवा आईने गरोदरपणात अमुक केले, म्हणून तो होतो, याला आधार नाही. घरातील कोणाला तरी दोषी ठरविण्याची घाई येथे अगदी निरर्थक ठरते.

मात्र कारण अज्ञात असले, तरी बाक एकदा पडल्यावर तो *वाढतो* कसा, याचे यंत्रशास्त्र बऱ्याच अंशी समजले आहे. चार पायांच्या प्राण्यांत हा विकार आपल्यासारखा आपोआप उद्भवताना फारसा दिसत नाही. नेदरलँड्समधील युट्रेक्ट येथील डॉ. रेने कास्टेलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध मनुष्याच्या पूर्ण ताठ उभे राहण्याशी जोडला आहे. माणसाच्या पाठीतील काही मणके मागच्या बाजूस कललेले असतात. त्यांच्यावर वजन पडले की ते मागे सरकू पाहतात, आणि मागे रेटल्या जाणाऱ्या मणक्याची फिरण्याला असलेली अटकाव-शक्ती कमी होते. शिवाय निरोगी माणसाचा कणाही अगदी सममित नसतो. हृदय व महाधमनी यांच्या मांडणीशी सुसंगत असा एक अतिसूक्ष्म पीळ त्यात असतोच. पौगंडावस्थेत छातीच्या भागातील बाक बहुतेक वेळा उजवीकडे फुगीर असतो, त्याचे मूळ यातच असावे असे मानले जाते.

आता तराजूचा नियम आठवावा. दांडीवरील वजनाचा परिणाम त्या वजनावर जितका अवलंबून असतो, तितकाच ते आसापासून किती दूर टांगले आहे यावरही असतो. कणा सरळ असताना शरीराचे वजन जवळजवळ मणक्यांच्या मधोमध उतरते. बाक पडला की बाकाचे शिखर या भाररेषेपासून दूर जाते. वजन तेच, पण दांडी लांबली. म्हणून वाकविणारा जोर वाढला. जोर वाढला की बाक वाढतो, बाक वाढला की दांडी आणखी लांबते.

प्रौढ हाडांत हे फार सावकाश घडते. वाढत्या हाडांत मात्र एक आणखी नियम लागू होतो. एकोणिसाव्या शतकातील कार्ल ह्यूटर आणि रिशार्ड फॉन फोल्कमान या दोन जर्मन शल्यविशारदांच्या नावांनी तो ओळखला जातो. हाडाच्या वाढत्या कूर्चेवर दाब अधिक पडला की तेथील वाढ मंदावते. दाब कमी झाला की वाढ वेग घेते. बाकाच्या आतल्या बाजूस मणक्यांवर दाब अधिक, बाहेरच्या बाजूस कमी. म्हणून प्रत्येक मणका आत खुजा आणि बाहेर उंच वाढू लागतो. चौकोनी वीट हळूहळू सुताराच्या पाचरीसारखी होते. अशा पाचरींची थप्पी सरळ उभी राहणार कशी? ती अधिक वाकते, दाब अधिकच विषम होतो, पाचर आणखी तिरपी होते.

व्यापारी घरात या क्रियेला वेगळे नाव देण्याची गरज नाही. हे चक्रवाढ व्याज आहे. मुद्दल म्हणजे आजचा बाक, दर म्हणजे वाढीचा वेग आणि मुदत म्हणजे शिल्लक राहिलेली वाढ. लॉन्स्टीन आणि कार्ल्सन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८४ मध्ये ७२७ रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हा हिशेब स्पष्ट उमटला आहे. ज्यांचा बाक २० ते २९ अंशांचा होता आणि हाडांची वाढ पुष्कळ शिल्लक होती, त्यांच्यापैकी ६८ टक्के मुलांचा बाक पुढे वाढला. तितकाच बाक, पण वाढ बरीचशी पूर्ण झालेली, अशांत हे प्रमाण २३ टक्के होते. आणि बाक २० अंशांपेक्षा कमी व वाढही बरीच झालेली, अशांत अवघे १.६ टक्के. म्हणजे नुसते ‘किती अंश?’ एवढे विचारून चालत नाही. ‘अजून किती वाढ बाकी आहे?’ हा प्रश्न त्याच्याइतकाच मोठा आहे. मुलींमध्ये मासिक पाळी सुरू होण्याच्या आधीचे वर्ष उंची वाढण्याच्या दृष्टीने सर्वांत वेगाचे असते, आणि पाळी सुरू झाल्यानंतर साधारण दोन वर्षांत वाढ बहुतांशी आटोपते. लहान बाक मुलगे आणि मुली या दोघांत जवळपास सारखेच आढळतात. परंतु उपचार लागण्याइतके मोठे बाक मुलींमध्ये कितीतरी अधिक असतात. त्यामुळे दहा ते चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत सहा महिने थांबणे हे कागदावर दिसते त्यापेक्षा फार दीर्घ असते.

तेच व्याज आपल्या खात्यात

चक्रवाढ कर्जदाराला बुडविते आणि ठेवीदाराला तारते. कण्याच्या बाबतीतही हे खरे असल्याचा सुंदर दाखला लंडनजवळील स्टॅनमोरच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक रुग्णालयातील शल्यविशारद मिन मेहता यांच्या कामात मिळतो. अगदी तान्ह्या वयात उद्भवणाऱ्या, वाढत जाणाऱ्या स्कोलिओसिसवर त्यांनी काम केले. बाळाच्या धडावर प्लास्टरचा साचा असा बसवायचा की बाक आणि पीळ दोन्ही हलकेच सोडविले जातील. आणि बाळ वाढेल तसा तो ठरावीक काळाने बदलायचा. एकदा कणा सरळ स्थितीत धरला, की दाब-वाढीचा तोच नियम उलट दिशेने काम करू लागतो. खुज्या बाजूवरचा दाब हलका झाल्याने ती बाजू वाढून उंच बाजूला गाठते. वाढ हीच दुरुस्ती करणारी शक्ती ठरते.

२००५ मध्ये त्यांनी १३६ मुलांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. सरासरी सुमारे १ वर्ष ७ महिने वयाला उपचारास आलेल्या ९४ मुलांचा बाक नाहीसा झाला. उरलेली ४२ मुले सरासरी सुमारे अडीच वर्षे वयाला आली. त्यांचा बाक कमी करता आला, पण पूर्ण परतविता आला नाही. उपचार तोच, हात तेच. मधल्या साधारण अकरा महिन्यांत बाक किती वाढला होता, यावर निकाल ठरला.

शाळकरी वयातील मुलांसाठी यापेक्षा वेगळा मार्ग असतो, कारण तेथे वाढ थोडीच शिल्लक असते. साधारणतः २० ते २५ अंशांपर्यंत केवळ ठरावीक काळाने तपासणी करतात. वाढ शिल्लक असताना बाक २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल, तर ब्रेस म्हणजे धडाला बसविण्याचा कठीण साचेबंद पट्टा सुचवितात. ब्रेसचे तंत्र तीन बिंदूंचे आहे. बाकाच्या शिखरावर फुगीर बाजूने, बरगड्यांच्या द्वारे दाब द्यायचा. वर आणि खाली विरुद्ध बाजूने दोन आधार ठेवायचे. आणि आतल्या बाजूस मोकळी जागा सोडायची, म्हणजे कण्याला सरकायला वाट मिळते. दोन्ही टोके ओढून ताणण्यापेक्षा हा बाजूचा दाब का निवडतात, याचेही गणित आहे. फार वाकलेला तार टोके ओढून सरळ होतो; पण जवळजवळ सरळ असलेला, किंचित वाकडा तार कितीही ओढला तरी तो उरलेला बाक सोडत नाही. त्याला मधेच अंगठ्याने दाबावे लागते. व्हाइट आणि पंजाबी या यंत्रशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये हिशेब मांडून दाखविले की, सुमारे ५३ अंशांपर्यंत बाजूचा दाब अधिक परिणामकारक आणि त्यापुढे ओढ अधिक परिणामकारक असते.

ब्रेस खरोखर उपयोगी पडतो का, हा वाद अनेक दशके चालू होता. अमेरिका आणि कॅनडातील २५ केंद्रांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो बऱ्याच अंशी मिटविला. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहणे, हे तेथे यश मानले होते. ब्रेस वापरणाऱ्यांत ७२ टक्के आणि केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांत ४८ टक्के मुले यशस्वी ठरली. ब्रेसमध्ये तापमान नोंदविणारे छोटे यंत्र बसविलेले होते, त्यामुळे तो प्रत्यक्ष किती तास अंगावर होता हेही कळले. दिवसाला सरासरी सुमारे १३ तासांहून अधिक काळ तो घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. कपाटात ठेवलेला ब्रेस काहीच करीत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. याच आकडेवारीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे: उपचाराविनाही निम्म्याच्या आसपास मुलांचा बाक त्या मर्यादेत राहिला. म्हणून घाबरून जाणे आणि डोळेझाक करणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

व्यायामांमध्ये जर्मनीच्या काथारिना श्रोथ यांची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. चेंबलेला रबरी चेंडू आतून हवा भरली की पूर्ववत होतो, हे पाहून छातीच्या दबलेल्या भागात जाणीवपूर्वक श्वास भरण्याची कल्पना त्यांना सुचली. असे विशिष्ट व्यायाम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पूरक म्हणून उपयोगी पडतात. योगासनांनी स्नायू बळकट होतात, मन प्रसन्न राहते. परंतु वाढत्या वयातील बाक केवळ आसनांनी वा मालिशीने सरळ करून देतो, असे सांगणाऱ्याच्या भरवशावर वाढीची वर्षे घालवू नयेत.

बाक ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९५० च्या दशकात पोलाद-सळईची पद्धत विकसित केली. सळई बाकाच्या दोन टोकांना अडकवून कणा ताणला जाई. बाक घटे, पण पीळ तसाच राही आणि पाठीचा नैसर्गिक गोलवा नाहीसा होई. १९८० च्या दशकात फ्रान्समधील कोत्रेल आणि द्युबूसे यांनी अनेक ठिकाणी पकड घेणारी आणि पीळही सोडवू पाहणारी रचना आणली. आज मणक्यांत स्क्रू बसवून तिन्ही दिशांनी दुरुस्ती साधतात. तरीही जोडलेले मणके कायमचे जोडलेले राहतात. तेवढ्या भागाची लवचिकता ही त्या सरळपणाची किंमत असते.

राजाची पाठ

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या रणांगणावर मारला गेला. त्यानंतर शेक्सपिअरच्या नाटकामुळे तो कुबडा, वाळलेल्या हाताचा, क्रूर पुरुष म्हणून लोकांच्या मनात ठसला. २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला आणि शास्त्रज्ञांनी त्याच्या कण्याची प्रतिकृती तयार केली. त्याला कुबड नव्हतेच. छातीच्या भागात उजवीकडे फुगीर असा, ७० अंशांच्या आसपासचा किंवा त्याहून अधिक, पौगंडावस्थेत सुरू झालेला स्कोलिओसिस होता. हात शाबूत होते. बाक वर-खाली समतोल असल्याने मान सरळ होती आणि लंगडण्याचेही कारण नव्हते. उजवा खांदा थोडा उंच दिसत असेल. चांगल्या शिंप्याने आणि चिलखत घडविणाऱ्याने तो सहज झाकला असता. या पाठीनिशी तो घोड्यावर बसून लढला. पाच शतके लोकांनी त्याच्या पाठीवरून त्याचा स्वभाव वाचला.

आपल्याकडेही ‘सरळ’ म्हणजे सज्जन आणि ‘वाकडा’ म्हणजे खोटा, असे अर्थ भाषेतच रुजलेले आहेत. त्यांची सावली मुलीच्या पाठीवर पडते ती बहुधा स्थळे पाहण्याच्या चिंतेतून. ‘आताच डॉक्टरकडे नेले तर चार लोकांना कळेल, पट्टा घातला तर शाळेत विचारतील, मोठी झाली की होईल ठीक’ अशा विचाराने बारावे वर्ष जाते, तेरावे जाते. ज्या काळात दाब-वाढीचा नियम वळविता आला असता, तोच काळ लपविण्यात खर्ची पडतो. मग जी गोष्ट ब्रेसवर भागली असती, ती शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू शकते. गुप्तता राखल्याने कर्ज फिटत नाही. फक्त हप्ते थकत जातात.

ज्या चिंतेपायी हे घडते, ती तरी कितपत साधार आहे? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ज्यांच्यावर कोणतेही उपचार झाले नव्हते, अशा रुग्णांचा सुमारे पन्नास वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळची पाठदुखी त्यांच्यात अधिक होती, ६१ टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत ती ३५ टक्के होती. मात्र दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे सौम्य वा मध्यम स्वरूपाचे होते. छातीतील बाक ८० अंशांच्या पुढे गेलेल्यांत धाप लागण्याचा धोका वाढलेला होता. एरवी ही माणसे कामधंदा, संसार आणि नेहमीचे जीवन इतरांप्रमाणेच जगत होती. साधारण बाक असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेत वा प्रसूतीत बहुधा विशेष अडचण येत नाही. जगातील सर्वांत वेगवान धावपटू उसेन बोल्ट यानेही आपल्याला स्कोलिओसिस असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे.

घरच्या घरी काय पाहावे

नऊ-दहा वर्षांपासून वाढ पूर्ण होईपर्यंत, वर्षातून दोनदा, चांगल्या उजेडात मुलाची पाठ पाहावी. मुलीची तपासणी आईने वा आजीने करावी. दोन्ही पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून मुलाला कमरेतून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाठीच्या पातळीशी डोळे आणून पाहावे. एका बाजूच्या बरगड्या वा कमरेचा भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसतो का? सरळ उभे असताना खांदे एका रेषेत आहेत का, झग्याची वा सदऱ्याची कड एका बाजूला वर जाते का, हात आणि कंबर यांच्यामधली पोकळी दोन्हीकडे सारखी आहे का? शंका आल्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. भावंडांपैकी एकाला बाक असेल, तर दुसऱ्यांचीही पाठ अवश्य पाहावी. फार लहान वयात बाक दिसणे, तीव्र वेदना असणे, पायांत अशक्तपणा येणे किंवा बाक झपाट्याने वाढणे, अशा वेळी तपासणीत दिरंगाई मुळीच नको.

दवाखान्यातून निघताना तीन उत्तरे लिहून आणावीत: आज बाक किती अंश आहे, हाडांची वाढ किती शिल्लक आहे आणि पुढची तपासणी केव्हा. प्रत्येक क्ष-किरण चित्र तारखेनुसार एकाच फाइलमध्ये ठेवावे, कारण पुढच्या वेळी नव्या चित्राइतकेच जुने चित्रही महत्त्वाचे असते. आणि हे सारे मुलापासून लपवून करू नये. कोनाचा अर्थ, ब्रेसच्या तासांचा अर्थ बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सहज कळतो. दिवसातले तेवढे तास ब्रेस अंगावर बाळगायचा आहे तो तिने. त्यामागचा हिशेबही तिला ठाऊक असणे हा तिचा हक्क आहे.